परदेशातले सणवार: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरा वर्षं न्यू जर्सीत काढून मी नागपूरला, महाल भागातल्या घरी परत आले. आता लेक मेलबर्नला आहे. ओळखीतल्या कोणाचा मुलगा, सून, भाची परदेशी निघाली की आदल्या आठवड्यात तिची आई किंवा मावशी आमच्याकडे येते, कधी अर्धी भरलेली बॅग घेऊनच येते. प्रश्न दरवर्षी बहुतेक तेच असतात. म्हणून एकदा बसून सगळी उत्तरं लिहून काढली.

सण नागपूरच्या कॅलेंडरप्रमाणे करायचा की तिकडच्या?

तिकडच्या. भिंतीवरचं कॅलेंडर सोबत जरूर न्या, पण सणाची तारीख त्यावरून ठरवू नका.

कारण असं की तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंशांतलं अंतर. ते बारा अंशांनी वाढलं की एक तिथी संपून दुसरी लागते, आणि तो क्षण सगळ्या जगात एकच असतो. सण मात्र तुमच्या गावात सूर्योदयाला, मध्यान्हाला, प्रदोषकाळी किंवा चंद्रोदयाला कोणती तिथी आहे, त्यावर ठरतो. गाव बदललं की सूर्योदय बदलतो, म्हणून सणही एखादा दिवस पुढेमागे होतो.

२०२५ ची गणेश चतुर्थी घ्या. चतुर्थी आपल्याकडे २६ ऑगस्टला दुपारी दोनच्या सुमारास लागली आणि २७ ला दुपारी पावणेचारच्या सुमारास संपली. गणपती मध्यान्हाच्या चतुर्थीला बसतो, म्हणून नागपुरात २७ तारीख. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं. तिथे हीच चतुर्थी २६ च्या पहाटे साडेचारच्या आसपास लागली आणि २७ ला सकाळी सव्वासहाला संपलीसुद्धा. म्हणजे तिथल्या मध्यान्हाला चतुर्थी होती ती २६ लाच. तिकडच्या मंडळींनी एक दिवस आधी गणपती बसवला तो चुकून नाही, हे इकडच्या आजी-आजोबांनाही सांगून ठेवा. दरवर्षी यावरून फोनवर उगाच रुसवे होतात.

संकष्टीला तर प्रश्नच नाही, चंद्र तुमच्या खिडकीतून दिसेल तेव्हाच उपास सोडायचा. पंचांगाच्या ॲपमध्ये शहर बदलण्याची सोय असते. विमानातून उतरल्यावर सिमकार्ड घालाल त्याच दिवशी तेही बदलून घ्या.

मधल्या वारी सण आला, सुट्टी नाही. शनिवारी केला तर चालेल का?

पूजा त्याच दिवशी करा, मग ती दहा मिनिटांची का असेना. जेवणावळ, हळदीकुंकू, गाणी, पाहुणे हे सगळं शनिवारी. आम्ही अकरा वर्षं असंच केलं. सकाळी कामावर जायच्या आधी दिवा, फूल, गुळाचा खडा. शनिवारी पुरण. सगळंच शनिवारवर ढकललं की दोन-तीन वर्षांत मुलांच्या मनात सण म्हणजे एक पार्टी होऊन बसतो, असं मी फार घरांत पाहिलं आहे.

महालक्ष्म्या परदेशात बसवता येतील का?

हा प्रश्न आला की मी चहा ठेवते, कारण उत्तर लांब आहे.

बाकी महाराष्ट्र ज्यांना गौरी म्हणतो त्या आपल्या विदर्भात महालक्ष्म्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, सोबत त्यांची बाळं. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. नागपुरात ज्या घरी महालक्ष्म्या असतात, त्या घरची मुलं जगात कुठेही असली तरी त्या तीन दिवसांसाठी यायची धडपड करतात. दिवाळी चुकली तर एवढं वाटत नाही. त्यामुळे ज्या सुनेला यायला जमत नाही, ती फोनवर हा प्रश्न विचारते तेव्हा तिचा आवाज वेगळा असतो.

पहिली गोष्ट घरातल्या मोठ्यांना विचारायची. काही घराण्यांत महालक्ष्म्या एकाच देव्हाऱ्याच्या असतात, वेगळ्या मांडत नाहीत. तसं असेल तर तिकडे मांडू नका. त्या दिवशी पुरणाचा नैवेद्य दाखवा आणि सवाष्ण जेवू घाला. परवानगी असेल तर थाटामाटाचा हट्ट सोडा. मुखवटे न्या, कोठ्या नेऊ नका. पोटात धान्य भरायची ती पत्र्याची धडं बॅगेत निम्मी जागा खातात. तिकडे दोन उंच डबे, त्यांत तांदूळ आणि गहू, वर तांब्या, तांब्यावर मुखवटा, आणि नऊवारीऐवजी सहावारी. मी न्यू जर्सीत पिठाच्या दोन मोठ्या डब्यांवर महालक्ष्म्या उभ्या केल्या होत्या. साडी नेसवल्यावर त्या आमच्या महालातल्या महालक्ष्म्यांसारख्याच दिसल्या, आणि मी दाराजवळ पावलं काढता काढता रडले.

सोळा भाज्यांची काळजी करू नका. लाल भोपळा, भेंडी, गवार, दोडकं, कारलं, काकडी, रताळं, बटाटा, गाजर, मटार, कोबी, मका, चवळीच्या शेंगा एवढ्या तर साध्या दुकानात आणि भारतीय दुकानात मिळून होतात. उरलेल्या दोन-तीन गोठवलेल्या पाकिटांत सापडतात. पडवळ नाही मिळालं तर नाही.

खरी अडचण आंबिलीची. ज्वारीचं पीठ मिळतं, भारतीय दुकानात ज्वारीच्याच नावाने आणि इतरत्र सोरघम म्हणून. पण ताकात कालवलेलं पीठ नागपूरच्या भाद्रपदात एका रात्रीत आंबतं, तसं तिकडे होत नाही. मेलबर्नला तेव्हा थंडी संपतच असते. लेक ओव्हन न पेटवता फक्त आतला दिवा लावून पातेलं रात्रभर आत ठेवते. दोन रात्री आधी भिजवलं की बरोबर आंबट येते.

फुलोऱ्याच्या करंज्या, वेण्या, साटोऱ्या आधीच्या शनिवारी तळून ठेवा. बांधायला छताला हूक नसेल तर पडद्याची दांडी पुरते.

गणपतीची मूर्ती चितार ओळीतून, म्हणजे नागपूरच्या मूर्तिकारांच्या गल्लीतून, घेऊन जावी का?

अमेरिका, इंग्लंड, युरोपला जाणाऱ्यांनी सहा-सात इंचांची न्यावी, हातातल्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. शाडू जड असतो आणि धक्क्याने चिरतो. सोंड आणि हात यांच्याभोवती कापूस भरून मग गुंडाळा.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी नेऊ नये, असं माझं मत. तिथे माती, बी, पानं, लाकूड यांवर जैवसुरक्षेचे कडक नियम आहेत. कच्च्या मातीची मूर्ती जाहीर करावीच लागते, आणि अधिकाऱ्याने ती ठेवून घेतली तर विमानतळावर देव सोडून यावा लागतो. त्यापेक्षा तिकडच्या हस्तकलेच्या दुकानातून नैसर्गिक माती घ्या आणि मुलांसोबत घरी गणपती घडवा. कान लहानमोठे झाले तरी हरकत नाही. स्वतःच्या हाताने केलेल्या गणपतीची मुलं दहा दिवस फार काळजी घेतात.

विसर्जन नदीत करता येतं का?

नगरपालिकेच्या किंवा उद्यान विभागाच्या परवानगीशिवाय करू नका. मोठी मंडळं रीतसर परवानगी काढतात, त्यांच्यासोबत जा. घरच्या गणपतीला बादली उत्तम. नागपुरातही आता तलावांऐवजी कृत्रिम टाक्यांत विसर्जन होतं, त्यामुळे यात काही उणं नाही. विरघळलेली शाडू कुंडीत घाला. मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसची असेल तर ती साध्या पाण्यात विरघळणार नाही. त्यासाठी अमोनियम बायकार्बोनेटचं पाणी लागतं आणि त्याला बराच वेळ जातो.

बॅगेत काय चालत नाही?

कापूर नको. तो ज्वालाग्राही आहे. सुकं खोबरं नको, हे ऐकून बायकांना धक्का बसतो, पण तेलामुळे ते आपोआप तापू शकतं म्हणून विमानवाहतुकीत धोकादायक मालात मोडतं. वाटी नको आणि कीसही नको, तिकडे सगळं मिळतं. फुलबाज्या, काडेपेट्या अजिबात नाहीत.

मग मिठाई. संत्रा बर्फी हा नागपूरकरांचा जीव, पण तीत खवा असेल तर विचार करावा लागतो. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये भारतातून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. ऑस्ट्रेलियात दुधाच्या मिठाईवर आणखी कडक नजर असते. पाकिटावरचे घटक वाचून घ्या. चिवडा, चकल्या, शंकरपाळे, तिळाच्या वड्या बऱ्याच ठिकाणी सुखरूप पोचतात, पण कुठल्याही देशात अर्जावर खाद्यपदार्थ आहेत का असं विचारलं तर होय लिहायचं. एका ओळखीच्या मुलाने भीतीपोटी नाही लिहिलं. आईने दिलेला अख्खा डबा गेला आणि वर दंड भरावा लागला. जाहीर केलं असतं तर फार तर डबा गेला असता.

पार्सल पाठवणार असाल तर आतली वस्तू आणि किंमत नेमकी लिहा. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालावरची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली, त्यामुळे पूर्वी राखीचं पाकीट जसं सहज जायचं तसं आता गृहीत धरू नका. दिवाळीचं पार्सल दसऱ्याच्या आधीच टाका.

तान्हा पोळा आणि मारबत तिकडे कोणाला माहीत नसतात. करावं की सोडून द्यावं?

सोडू नका. मला सगळ्यांत जास्त हेच सांगायचं आहे.

परदेशातल्या मराठी मंडळांत गणेशोत्सव होतो, दिवाळी होते, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेत १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे, ही माणसं मनापासून राबतात आणि त्यांचे उपकार आहेत. पण मंडळात जो सण होतो तो सगळ्यांना ठाऊक असलेला. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, लाकडी बैल घेऊन घरोघरी जायचं आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायचा, हे पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या मुलाने पाहिलेलं नसतं. तुमच्या घराने केलं नाही तर तुमच्या मुलांपुरतं ते संपलं.

तान्हा पोळा नागपूरच्या भोसल्यांच्या काळात, दुसऱ्या रघुजीराजांनी सुरू केला असं सांगतात. मोठ्यांच्या पोळ्याला खरे बैल, मग लेकरांनी काय करायचं, म्हणून लाकडाचे. केवढी मायेची कल्पना आहे! परदेशात खरा बैल दाराशी येणार नाही, पण लाकडी बैल तिथेही चाकांवर चालतो. आठ-दहा इंचांचा रंगवलेला बैल नेता येतो. ऑस्ट्रेलियाला नेताना लाकूड म्हणून जाहीर करा, आणि साल किंवा किडीची भोकं नाहीत हे घेतानाच पाहा. चार घरं आधी सांगून ठेवा, मुलांना झूल शिवायला लावा, बैलाला मठाट्यांचा साज बांधा. शेजारची इतर देशांची मुलंही येतात. आमच्या गल्लीत एका वर्षी एक कोरियन मुलगा खोक्याचा बैल करून आला होता, त्याला सगळ्यांत जास्त बोजारा मिळाला.

मारबत त्याच दिवशी. काळी आणि पिवळी मारबत नागपुरात १८८० च्या दशकापासून निघतात. रोगराई, दारिद्र्य, संकट घेऊन जा गे मारबत, असं ओरडत लोक त्यांना गावाबाहेर नेतात आणि जाळतात. सोबत बडगे असतात, त्या त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आहे त्याचे पुतळे. परदेशात घराच्या अंगणात पुतळा जाळू नका. अग्निशमनाचे नियम आहेत, शिवाय शेजाऱ्यांना वेगळाच अर्थ लागेल. कागदाची हातभर मारबत करा. मुलांनी चिठ्ठ्यांवर त्या वर्षातलं नको ते लिहायचं आणि तिच्या पोटात भरायचं. मग ओरडत ओरडत सगळ्या घरातून फिरवायची आणि फाडून रद्दीच्या डब्यात टाकायची. ओरडणं मात्र पूर्ण झालं पाहिजे. आमच्या मुलीने सात वर्षांची असताना चिठ्ठीवर शाळेतल्या एका मुलीचं चिडवणं लिहिलं होतं. ती चिठ्ठी मारबतीच्या पोटात गेली नसती तर आम्हाला कळलंच नसतं.

आणि भुलाबाई?

मुलींनी जमून गाणी म्हणायची आणि खिरापत ओळखायची, भाद्रपद पौर्णिमा ते कोजागिरी, पूर्ण महिना. तिकडे महिनाभर जमत नाही, पण चार शनिवार, चार घरं, चार डबे एवढं जमतं. डबा हलवून खिरापत ओळखायला लावणं हा खेळ मराठी न येणाऱ्या मुलींनाही पाच मिनिटांत कळतो, आणि खाऊंची मराठी नावं त्यातूनच पाठ होतात. गाणी आजीच्या आवाजात आत्ताच फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. छापील पुस्तकातून चाल मिळत नाही.

दिवा लावला की धुराचा अलार्म वाजतो. काय करावं?

तेलाच्या दिव्याने सहसा वाजत नाही, उदबत्ती, धूप आणि तळणाच्या धुराने वाजतो. उदबत्ती बाल्कनीत लावा, तळताना पंखा आणि खिडकी दोन्ही उघडी ठेवा. दिवा पाणी घातलेल्या ताटात ठेवा. अलार्मची बॅटरी काढून ठेवण्याचा उद्योग कोणीही करू नये. वसतिगृहात बहुधा उघड्या ज्योतीला बंदीच असते, तिथे बॅटरीची पणती लावा आणि मनात शंका ठेवू नका.

मेलबर्न-सिडनीला दिवाळी वसंत ऋतूत येते. घड्याळ तासभर पुढे गेलेलं असतं, सूर्य साडेसातच्या आसपास मावळतो. लहान मुलं पणत्या लागेपर्यंत पेंगतात, त्यांना दुपारी झोपवा.

दिवाळीची सुट्टी मिळते का?

सिंगापूर, मलेशिया, मॉरिशस, फिजी, त्रिनिदाद या देशांत सार्वजनिक सुट्टी आहे. मॉरिशसला तर गणेश चतुर्थीचीही असते, कारण तिथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेला मराठी समाज आहे. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी देणाऱ्या कायद्यावर २०२३ मध्ये सही झाली. बाकी ठिकाणी रजा टाकावी लागते, आणि ती जानेवारीतच टाकून ठेवावी.

दसऱ्याला आपट्याची पानं कुठून आणायची?

पानं नेऊ नका, विमानतळावर काढून घेतील. आपटा म्हणजे कांचनाचा सख्खा भाऊ, दोघांचं कुळ एकच. हाँगकाँगच्या झेंड्यावर जे फूल आहे तेही याच कुळातलं. उष्ण प्रदेशांत हे झाड रस्त्याकडेला शोभेसाठी लावतात, दोन पाकळ्यांसारखं जोडपान दिसलं की ओळखा. थंड देशात मुलांना सोनेरी कागदाची जोडपानं कापायला द्या. मोठ्यांच्या घरी जाऊन, हातात देऊन, वाकून नमस्कार करणं कागदाच्या पानानेही होतं.

आमच्यासाठी दसरा म्हणजे दीक्षाभूमी. तिकडे काय करावं?

१४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. नागपूरकराला दीक्षाभूमीची ती गर्दी, पांढरी वस्त्रं, पुस्तकांचे स्टॉल सोडून परदेशात तो दिवस काढणं जड जातं. आमच्या शेजारच्या ताई मुलाकडे लंडनला होत्या, त्यांनी तो दिवस किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरी काढला. बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला असताना तिथे राहिले होते, महाराष्ट्र सरकारने ते घर घेऊन स्मारक केलं आहे. न्यूयॉर्कला असाल तर कोलंबिया विद्यापीठात जा, बाबासाहेब १९१३ मध्ये तिथे शिकायला गेले. वॉशिंग्टनजवळ मेरीलँडमध्ये १४ ऑक्टोबर २०२३ ला त्यांचा १९ फुटी पुतळा उभा राहिला आहे, तिथेही लोक जमतात. जवळपास काहीच नसेल तर विहार शोधा. थायलंडचे, श्रीलंकेचे बौद्ध विहार बऱ्याच शहरांत असतात. त्रिशरण-पंचशील पालीतच असतं, तिथले लोक सोबत म्हणतात.

सोवळंओवळं किती पाळायचं?

आंघोळ, स्वच्छ ओटा आणि शांत मन. बाकी तुमच्या घरच्या मोठ्यांशी बोला.

मुलगा शिकायला एकटा गेला आहे. सण आला की फोनवर गप्प होतो.

त्याला सणाच्या दिवशी तू काय करून राहिला, असं विचारू नका. आदल्या आठवड्यात विचारा, शनिवारी कोणाला जेवायला बोलावलंस? एकट्या पोराला सण करायला सांगितलं तर तो करणार नाही. चार जणांना बोलावलं असेल तर त्याला उठून काहीतरी रांधावंच लागतं. पुरणपोळीचा आग्रह नको. तर्री पोहे सांगा. काळे चणे रात्री भिजवायचे, झणझणीत तर्री करायची, पोह्यांवर ओतायची, वर कांदा आणि लिंबू. सांबार मात्र दुकानात मागताना कोथिंबीर म्हणून मागायचा, नाहीतर हातात डोशाचं सांबार पडेल. दिवाळीच्या पहाटे हे पोहे खाल्लेल्या खोलीतल्या इतर मुलांनी पुढच्या वर्षी स्वतःहून विचारलं, असं माझ्या भाच्याने सांगितलं. जर्मनीत होता तो, चौघांत एक तमिळ, एक इराणी.

आम्ही दोघंच नागपुरात. सणाला व्हिडिओ कॉल कधी आणि कसा करावा?

आधी घड्याळ समजून घ्या. नागपुरात संध्याकाळी सातला न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ असतात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचं घड्याळ मागे गेलं की साडेआठ. लंडनला दुपारचे अडीच, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर दीड. मेलबर्नला दिवाळीत रात्रीचे साडेबारा वाजून गेलेले असतात, म्हणून तिकडच्या लेकरांसोबत लक्ष्मीपूजन करायचं तर तुम्हाला दुपारी दोनच्या सुमारास बसावं लागेल. ती त्यांची वेळ असते, तुम्ही फक्त बघायचं. तुमची पूजा संध्याकाळी तुमच्या वेळेला करा.

आरतीपुरता कॉल लावू नका. आरतीला आवाज मागेपुढे येतो आणि सगळे एकमेकांसाठी थांबतात. स्वयंपाकाच्या वेळी लावा. फोन डब्याला टेकवून ओट्यावर असा ठेवा की तुमचे हात दिसतील. पुरण किती कोरडं व्हायला हवं, त्यात पळी उभी कशी राहते, हे सूनबाईला हात पाहूनच कळतं. आणि तिकडच्यांनीही फोन तसाच ठेवावा, चेहऱ्यासमोर धरून उभं राहू नये. आमच्या घरी मागच्या महालक्ष्म्यांना दीड तास कॉल चालू होता, त्यात बोलणं फार तर दहा मिनिटांचं. बाकी वेळ मी इकडे पोळ्या लाटत होते आणि लेक तिकडे, आणि मधूनच नात विचारत होती, आजी, माझी फुगली, तुझी फुगली का?